वस्तरा आणि चामोटी

बेळगावच्या शहापुरात आमच्या भाऊकीतल्या एका पोराचं सलून आहे. त्याची भागीदारी एका कन्नड हडपद, म्हणजे तिकडच्या नाभिक समाजातल्या, पोराशी, त्यामुळं आरशाच्या वर सेना महाराजांची तसबीर आहे आणि तिला लागूनच हडपद अप्पण्णांची. दोघांनाही सकाळी झेंडूचा हार चढतो. आज्जाचा वस्तरा मी त्या पोरासमोर ठेवला. त्यानं हात पुसले, वस्तरा उघडला, पात्यावरचे तांबेऱ्याचे ठिपके बघितले, धार उजेडाकडं धरली आणि मिटून परत माझ्या हातात दिला. "काका, ह्याला धार लावायला मला येत नाही. आम्ही पातं मोडून घालतो." पलीकडच्या खुर्चीजवळून त्याच्या भागीदारानंही मान हलवली. दोघांच्या हातात कसब भरपूर आहे. कानामागून केस असे उतरवत आणतात की कात्री कुठं थांबली आणि मशीन कुठं सुरू झालं ते सांगता येऊ नये. वस्तऱ्याची धार त्यांना कुणी शिकवलीच नव्हती, तेव्हा त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. तरी ते "येत नाही" माझ्याबरोबर कपिलेश्वरच्या पुलावरून घरापर्यंत आलं. रात्री जेवतानाही डोक्यातून जाईना. ज्या धारेवर आमच्या घराच्या पिढ्या जेवल्या, ती लावणारा हात आता आमच्या अख्ख्या भाऊकीत उरला होता तो फक्त माझ्या काकांचा, आणि काकांचे हात थरथरतात.

वस्तरा जर्मन आहे. पात्याच्या बुडाशी सोलिंगन हे गावाचं नाव अजून वाचता येतं. मूठ शिंगाची, एका बाजूनं तडकलेली. तिथं आज्जानं तांब्याची बारीक तार आवळून बांधलीय. पातं दोन्ही अंगांनी आत कोरलेलं आहे. पाठ जाड, आणि धारेकडं येता येता ते इतकं पातळ होतं की अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवलं तर धार लवताना डोळ्यांना दिसते. हा वस्तरा आज्जाकडं कसा आला ते काका सांगतात. तरुणपणी काका कॅम्पातल्या एका दुकानात कामाला होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र जवळच, त्यामुळं गिऱ्हाईक सगळं पलटणीतलं. दुकानाच्या मालकानं दुकान मोडताना हत्यारं विकली, त्यातला हा काकांनी पगाराच्या पैशातून घेतला आणि दिवाळीला गावी जाऊन आज्जाच्या हातात ठेवला. आज्जानं त्याआधी गावठी पोलादाचा जड वस्तरा वापरलेला. हा हातात आल्यावर त्यानं पहिल्यांदा स्वतःची दाढी केली, मग गावाची.

खानापूर तालुक्यातल्या चार-पाच गावांची बलुती आज्जाकडं होती. खांद्याला धोकटी, धोकटीत वस्तरे, चिमटा, नखं काढायची नराणी, वाटी, धारेचा दगड म्हणजे सहाण आणि धारेवर शेवटचा हात फिरवायची कातड्याची चामोटी. सुगीला घरटी ठरलेलं भात मिळायचं. पोराचं जावळ, नवरदेवाची दाढी आणि मलप्रभेच्या काठावर दहाव्याचं क्षौर, या सगळ्याला तोच. माणसाच्या आयुष्यातल्या मोठ्या दिवसांना त्याचा हात लागायचाच, पण पंगतीत त्याचं पान बाजूला पडायचं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे लहानपणी पाहिलं होतं. गावात अप्पांना नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं, हाक जातीची असायची. अप्पा शिकले, तालुक्याच्या कचेरीत कारकून झाले, आणि घरात एकच सक्त नियम केला. धोकटीला पोरांनी हात लावायचा नाही. आज्जा गेल्यावर धोकटी माळ्यावर गेली. अप्पा रोज सकाळी खिडकीशी उभं राहून सेफ्टी रेझरनं दाढी करायचे, आमच्याकडं पाठ करून. त्यांच्या त्या पाठीकडं बघत मी मोठा झालो. त्यांचा राग वस्तऱ्यावर नव्हता हे कळायला मला पन्नाशी यावी लागली.

वस्तरा दुकानांतून गेला त्याला कारण होतं, आणि ते योग्य होतं. १९८६ साली देशात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले, नव्वदीत गावोगावी भिंतींवर एड्सचे फलक रंगले, आणि एकच वस्तरा सगळ्यांच्या गालांवर फिरवणं धोक्याचं आहे हे माणसांना उमगलं. गिऱ्हाईक विचारायला लागलं, "पातं नवीन आहे न्हवं?" काकांनी कुणी सांगण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी आपले सगळे वस्तरे तेल लावून फडक्यात बांधले आणि अर्धं पातं अडकवायची मूठ आणली. मला यात काही हरवल्याचं दुःख मानायचं नाही. पण त्याचा एक अर्थ असा होतो की जो वस्तरा चार-पाच गावांचा होता तो आता फक्त एका चेहऱ्याचा होऊ शकतो. कुणा नाभिकानं तो दुसऱ्याच्या गालाला लावायचा नाही. तो चालता ठेवायचा असेल तर ज्याच्या घरात आहे त्यानंच तो स्वतःच्या गालावर चालवायला शिकायचं.

म्हणून मी काकांकडं गेलो.

काकांनी ऐंशी ओलांडलीय. वडगावात मुलाकडं असतात, दारात खुर्ची टाकून बसतात. उजवा हात मांडीवर सतत थरथरत असतो, म्हणून ते डाव्या हातानं तो धरून ठेवतात. मी फडकं सोडलं तेव्हा त्यांनी वस्तरा हातात घेतला नाही. "तूच उघड," म्हणाले. "बोटं पाठीवर ठेव. हां. आता मला दाव." मग डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी मला फक्त वस्तरा उघडायला, मिटायला आणि पुसायला शिकवलं. पुसताना पाठीकडून धारेकडं फडकं न्यायचं, धारेवर आडवं कधीच नाही. खोबरेल लावायचं नाही, कारण आमच्या थंडीत ते गोठतं आणि खाली ओल धरून ठेवतं. शिवणमशीनचं तेल, एक थेंब, बोटानं पसरून. आमच्या खानापूरकडच्या पावसात लोखंडाची कुठलीच वस्तू सुकी राहत नाही. आज्जा आषाढ-श्रावणात वस्तरा चुलीवरच्या फळीवर ठेवायचा, असं सांगताना काका पहिल्यांदा हसले.

सहाणेचं काम त्यांच्या अंगणात झालं. जुनी सहाण वर्षानुवर्षं घासून मध्ये खोलगट झालेली. आधी ती काचेवर पॉलिशपेपर ठेवून सपाट केली, तेच दोन दुपारी चाललं. मग वस्तरा दगडावर पूर्ण आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. किती कोन धरायचा हा प्रश्नच येत नाही, तो कोन वस्तरा बनवणाऱ्यानं पाठीच्या जाडीत ठेवून दिलाय. धार पुढं ठेवून ढकलायचा, टोकाशी पाठीवर उलटायचा, परत आणायचा. वर पाण्याचा पातळ थर. काका डोळे मिटून बसायचे. त्यांना दिसण्यापेक्षा ऐकू जास्त चांगलं येतं. "आता दाबलास," असं ते मध्येच म्हणायचे आणि मी खरंच दाबलेलं असायचं. दाबलं की दगडाचा आवाज खरखरीत होतो, हात हलका असला की एकसारखी सळसळ येते. शेवटी डोक्याचा एक केस दोन बोटांत धरून धारेला नुसता टेकवला आणि तो आवाज न करता तुटून पडला. तेव्हा काका म्हणाले, "झालं. पण ही धार अजून चेहऱ्याची नव्हे. चामोटी पायजे."

चामोटी धोकटीत होती, पण वाळून तिला भेगा गेल्या होत्या. भेगाळलेल्या कातड्यावर वस्तरा ओढला तर लावलेली धार जाते. नवीन कुठून आणायची? काकांनी अथणीचं नाव घेतलं. आपल्या भागातली कोल्हापुरी चप्पल मोठ्या प्रमाणावर अथणी-निपाणीकडं होते हे इथल्या कुणाला सांगायला नको. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे एकत्र आले आणि बेळगाव त्यातला एक. ते कातडं कमावायची जुनी रीत अशी की कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि टांगून ठेवायची. रसायनात झटपट कमावलेलं कातडं मऊ असतं, ओढलं की ताणतं. सालीत मुरलेलं घट्ट राहतं आणि चामोटीला तेच लागतं, कारण पट्टा सैल पडला की वस्तरा खाली दबतो आणि धार गोल होते.

अथणीत मला एका म्हाताऱ्या कारागिराकडं पाठवलं. गल्लीत शिरल्यावरच हिरड्याचा तुरट, ओलसर वास नाकात भरला. लहानपणी आज्जाच्या धोकटीत नाक घातलं की हाच वास यायचा. तोपर्यंत मी तो आज्जाचा वास समजत होतो. म्हाताऱ्यानं बसायला फळी दिली. "एष्ट अगल बेक्री?" किती रुंद हवी? मी तीन बोटं दाखवली. मग मराठीवर येऊन त्यानं विचारलं, कशाला हवी? मी वस्तरा दाखवला. त्यानं तो घेतला, मी न सांगता पाठीवर बोटं ठेवून उघडला, आणि माझं आडनाव विचारलं. आडनाव ऐकून थोडा वेळ काही बोलला नाही. मग हातातली कातडं कापायची रापी खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "आमच्या गल्लीत तुमच्यातला कुणी दाढीला येत नव्हता. पट्टा मात्र आमच्याकडनंच न्यायचे."

मी काय बोलणार होतो?

हे मला माहीत होतं, जसं आपल्याला अशा गोष्टी माहीत असतात, कुणा दुसऱ्या गावाच्या, दुसऱ्या काळाच्या म्हणून. आज्जाला पंगतीत बाजूला बसवलं याची सल मी अप्पांकडून घेऊन वाढलो. ती खरी आहे, ती मी कमी होऊ देणार नाही. पण आज्जाचा वस्तराही गावातल्या सगळ्या गालांवर चालत नव्हता. ज्यांनी कातडं कमावून दिलं त्यांच्याच गालावर त्या कातड्यावर लावलेली धार फिरायची नाही. त्यांची सावली नको आणि त्यांची चामोटी रोज हातात! आज्जा मायाळू माणूस होता, मला त्यानं खांद्यावर बसवून यात्रा दाखवलीय, आणि तो हे करत होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला मला आजही जड जातं, आणि तरी दोन्ही ठेवायला हव्यात असं वाटतं. १८९० साली मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. आमच्या समाजाच्या मेळाव्यांत हे अभिमानानं सांगितलं जातं, सांगावंच. वस्तरा खाली ठेवण्यात केवढी ताकद असते हे त्यांनी दाखवून दिलं. पण आम्ही वस्तरा खाली ठेवला तो तेवढ्यासाठीच नव्हे. अथणीच्या त्या गल्लीसमोरही आम्ही तो खालीच ठेवला होता, आणि ते मेळाव्यात कुणी सांगत नाही.

म्हाताऱ्यानं चामोटी कापायला घेतली. मी विचारलं, मग तुमच्याकडं दाढ्या कोण करायचं? "आमचं आम्हीच. माझा बाप सगळ्या गल्लीची करायचा. मोडका वस्तरा मिळाला होता कुठनं तर." बापाकडून तो शिकला होता. आणि मग, कातडं फळीवर खिळ्यानं ताणून रापी चालवता चालवता, त्यानं मला हनुवटी शिकवली. वस्तरा उघडला नाही, फक्त अंगठा आणि बोटांनी स्वतःच्या जबड्यावर दाखवलं. हाडावर वस्तरा न्यायचाच नाही. हाडावरचं कातडं सरकवून वर गालाच्या मऊ भागावर आणायचं आणि तिथं कापायचं. हनुवटीला खालचा ओठ दातांवर आत ओढायचा म्हणजे खळगा सपाट होतो. वरच्या ओठाला नाक बोटानं किंचित वर उचलायचं आणि ओठ खाली ताणायचा. "चपलेचं कातडं असू दे, गालाचं असू दे," तो म्हणाला, "ताणल्याशिवाय नीट कापत नाही. ढिलं असलं की हत्यार उडतं." पैसे घेताना त्यानं चामोटीच्या एका टोकाला पितळी कडी आणि दुसऱ्या टोकाला धरायला पट्टी शिवून दिली, त्याचे वेगळे घेतले नाहीत.

काकांनी चामोटी हातात घेतली, नाकाशी नेली, आणि मग खिडकीच्या गजाला कडी अडकवायला सांगितली. दगडावर धार पुढं असते, इथं उलट, पाठ पुढं आणि धार मागं. टोकाशी पोचलं की पाठीवर उलटायचं. धारेवर उलटलं तर कातडं कापलं जातं आणि धारही जाते. पट्टा ताठ, हात सैल. आधी मनगट आखडायचं, आवाज तुटक यायचा. काका मांडीवर डाव्या हातानं ताल धरायचे आणि मी त्या तालावर ओढायचो. काही आठवड्यांनी एका सकाळी आवाज स्वच्छ आला, जाताना आणि येताना सारखा, आणि काकांची बोटं मांडीवर थांबली.

मग दाढी. बंबातलं कढत पाणी, त्यात बुडवून पिळलेला टॉवेल चेहऱ्यावर धरून बसायचं, कढ अंगात मुरेपर्यंत. साबणाचा फेस ब्रशनं दाट करायचा, इतका की लवेखालची त्वचा दिसू नये. सुरुवात गालापासून, कानाच्या पुढून खाली, लव ज्या दिशेनं वाढते त्याच दिशेनं. पातं गालाला तिरपं टेकवायचं, तीसेक अंशांत. जास्त उभं केलं तर खरवडतं, जास्त आडवं केलं तर केस ओढतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आडवं सरकवायचं नाही, एक केसभरही नाही, कारण कातडी त्यानंच चिरते. पहिल्या दिवशी मी फक्त दोन्ही गाल केले. उरलेली सेफ्टी रेझरनं. काकांनीच तसं सांगितलं होतं, गाल हातात बसेपर्यंत गळ्याला जायचं नाही. उजव्या हाताचा उजवा गाल सोपा. डाव्या गालाला कोपर छातीवरून न्यायचं की वस्तरा डाव्या हातात घ्यायचा? काका म्हणाले, हात बदल, नाहीतर आयुष्यभर अर्धाच शिकशील.

आवाज मला सगळ्यात आवडतो. तरतरीत धारेनं खुंट कापले जातात तेव्हा बारीक कुरकुर ऐकू येते, गालाच्या आतून, कानापर्यंत. त्या आवाजावरून कळतं की कोन बरोबर आहे, धार जागी आहे, त्वचा ताणलेली आहे. आवाज गेला की थांबायचं. काका दाराबाहेर खुर्चीत बसून हे ऐकतात. "डावा हात ढिला पडला," बाहेरून आवाज येतो. "वस्तरा उजवा हात धरतो, दाढी डावा करतो." आणि मला अथणीचा म्हातारा आठवतो, फळीवर ताणलेलं कातडं आणि रापी. दोघांनी दोन गल्ल्यांत राहून, एकमेकांना न भेटता, एकच गोष्ट सांगितली होती. ती शिकवणारे एकमेकांच्या दारात आले असते तर, असं मनात येतं, आणि त्या "तर"पाशी मी अडकतो.

गळ्यावर पहिल्यांदा वस्तरा टेकवला त्या दिवशी मला अप्पांची पाठ आठवली. मान वर करून, कंठाची हाडं ताणून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून आरशात बघताना माणूस फार उघडा असतो. आणि इथं तर हात माझाच होता. गावाची माणसं आज्जासमोर अशी मान वर करून डोळे मिटून बसायची. पाटील बसायचा, सावकार बसायचा. ज्याच्या हातात अख्ख्या गावानं बिनधोक गळा दिला त्याला गावानं नावानं हाक दिली नाही, हे अप्पांना पचलं नाही, आणि ते आता माझ्याही गळ्याशी आलंय. अप्पा असते तर माझ्या हातात वस्तरा बघून काय म्हणाले असते ते मला ठाऊक नाही. बहुधा काही बोलले नसते, खिडकीकडं वळले असते. मला त्यांना सांगायचं होतं की धोकटीला हात लावू नका हा तुमचा नियम मी मोडला, आणि तुमचा मानही राखला. धोकटी कुणी खांद्यावर लादणं वेगळं आणि ती स्वतः उतरवून घेणं वेगळं.

तुरटी फिरवल्यावर गाल कुठं चुरचुरतो त्यावरून हात कुठं जड पडला ते कळतं. आता गाल शांत असतात, गळ्याला डाव्या बाजूला केसांचा भोवरा आहे तिथं अजून चुरचुर होते. लवेच्या उलट दिशेनं दुसरा हात मी अजून घेत नाही. हनुवटी आली. ज्या दिवशी ती एकाही खुंटाशिवाय उतरली त्या दिवशी काकांनी थरथरत्या बोटांनी माझा जबडा चाचपला, कानापासून हनुवटीपर्यंत, आणि विचारलं, "हे कुणी शिकवलं? मी हनुवटी सांगितली नव्हती अजून." मी अथणीचं सगळं सांगितलं. आधी फक्त चामोटीबद्दल सांगितलं होतं, त्याचं ते वाक्य मागं ठेवलं होतं. ते वाक्यही सांगितलं.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की कॅम्पात सगळ्यांच्या दाढ्या केल्या, पलटणीत जात कोण विचारतो, पण गावी गेल्यावर आज्जाबरोबर फिरताना ती गल्ली आली की आपणही रस्ता बदलायचो. हे सांगताना त्यांनी आवाज खाली केला नाही. मग त्यांनी त्या कारागिराचं वय विचारलं, कातडं किती दिवस मुरवतो ते विचारलं, त्याचा बाप मोडक्या वस्तऱ्याला धार कशावर लावायचा ते विचारलं. मला ते माहीत नव्हतं. चामोटी वापरून थोडी लांबलीय, कडीजवळची शिवण परत आवळून घ्यायला मी दसऱ्यानंतर अथणीला जाणार आहे. काका म्हणाले, "मलाबी घेऊन चल. गाडीत बसवतंय मला अजून." त्यांच्या सुनेला हे पसंत नाही, रस्ता लांबचा आहे आणि संकेश्वरच्या पुढं उन्हाचा त्रास होईल असं तिचं म्हणणं. काकांनी तिला सांगितलंय की सकाळी सहालाच निघू, आणि फडक्यातला त्यांचा दुसरा वस्तरा, कॅम्पातल्या दिवसांचा, मला तेल लावून ठेवायला दिलाय. तो त्यांना तिथं द्यायचा आहे.